टु लावायचा की इंग? यादी न घोकता जेरंड-इन्फिनिटिव्ह कसं शिकवावं?

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. मुलं काळ शिकतात, पॅसिव्ह शिकतात, रिपोर्टेड स्पीचही पार करतात. पण एका क्रियापदापुढे दुसरं क्रियापद आलं की गाडी अडते. 'आय एन्जॉय टु प्ले कबड्डी', 'ही सजेस्टेड मी टु गो', 'माय मदर मेड मी टु स्टडी'.

गाइडमध्ये यावर एकच औषध असतं, दोन याद्या. या क्रियापदांपुढे जेरंड (इंगचं रूप, 'प्लेइंग'), त्या क्रियापदांपुढे इन्फिनिटिव्ह (टु लागलेलं मूळ रूप, 'टु प्ले'), करा पाठ. मुलं पाठ करतात, चाचणीत गाळलेल्या जागा बरोबर भरतात आणि पुढच्याच निबंधात परत 'एन्जॉय टु प्ले' लिहितात.

माझं मत असं की यादीतून भाषा येत नाही. आपण कुणीच 'या धातूंना णे आणि त्या धातूंना आयला' असं घोकून मराठी शिकलो नाही. अर्थाच्या वाटेने जाऊन मुलांना हे कळेल असा काही मार्ग आहे का? शिकवणाऱ्यांनी लिहाच, पण जे रोज इंग्रजीत काम करतात त्यांनीही लिहा.

निवृत्त_मास्तर

ताई, तळमळ पोचली, मत मात्र पटलं नाही. मूल मराठी शिकतं ते दिवसभर कानावर पडून. तुमच्या वर्गातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडतं ते तासिकेपुरतं, त्यातही निम्मं मराठीतून समजावलेलं. कानाची ही उणीव कशाने तरी भरून काढावी लागते. आमची पिढी तर्खडकरांच्या पाठमालेवर आणि पुढे रेन अँड मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणावर वाढली. त्यात घोकंपट्टी होती, पण घोकायला वाक्यं होती.

गाइडं चुकतात ती इथे. ती सुटी क्रियापदं देतात. मी कायम जोडी द्यायचो. 'एन्जॉय' असा शब्द वहीत कधी लिहायचाच नाही, 'एन्जॉय रीडिंग' लिहायचं. 'फिनिश ईटिंग', 'अव्हॉइड गोइंग', 'माइंड वेटिंग', 'कीप ट्राइंग'. जीभ एकदा वळली की मग कारण विचारावं लागत नाही.

चकली

मास्तरांना +१. आमच्या बाईंनी ही यादी पाढ्यांच्या चालीवर बसवली होती. आज दोन मुलांची आई आहे, तरी ऑफिसात 'अव्हॉइड' लिहिताना मनात चाल सुरू होते.

कोडवाला

एवढं कशाला? सोपा नियम आहे. क्रिया पुढे व्हायची असेल तर टु, आधीच झालेली किंवा चालू असेल तर इंग. वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, प्रॉमिस, एक्स्पेक्ट, सगळं उद्याचं आहे, म्हणून टु. एन्जॉय, फिनिश, अॅडमिट, डिनाय, मिस, यातली क्रिया घडलेली असते, म्हणून इंग. पाठांतर शून्य.

अर्धविराम

कोडवाला, नियम सुरेख आहे, पण अर्ध्या वाटेवर सोडून जातो. पोस्टपोन, कन्सिडर, सजेस्ट, रिस्क, अव्हॉइड यातली क्रिया अजून घडलेली नसते. 'वुई पोस्टपोन्ड गोइंग टु पुणे' म्हणजे पुण्याला गेलोच नाही, तरी इंग. उलट 'ही मॅनेज्ड टु ओपन द डोअर' यात दार उघडून झालंय, तरी टु. मुलांना हा नियम ब्रह्मवाक्य म्हणून दिला तर हुशार मूल पहिल्याच आठवड्यात तुम्हाला पकडेल.

तरी त्यात तथ्य आहे, आणि ते इतिहासातून आलंय. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप 'अन' ने संपायचं, त्याला टु नसायचाच. टु हे 'कडे' या अर्थाचं अव्यय. ते लागलं की क्रियापदाचं रूप आपल्या चतुर्थीसारख्या विभक्तीत जायचं, म्हणजे अमुक करण्याकडे, अमुक करण्यासाठी. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले आणि टु तेवढा उरला. त्याच्यातला 'कडे' अजून पूर्ण मेलेला नाही, म्हणून वॉन्ट, होप, डिसाइडला तो शोभतो. इंगची गोष्ट वेगळी. एक भाववाचक नाम होतं 'उंग' किंवा 'इंग' प्रत्ययाचं आणि एक विशेषणासारखं रूप होतं 'एंडे' प्रत्ययाचं. मध्ययुगात दोन्ही 'इंग' मध्ये एकवटली. आजचा निम्मा घोळ तिथला आहे.

कोडवाला

मान्य. नियम नाही, कल आहे म्हणू. पण कल तरी सांगाच मुलांना, काहीच नसण्यापेक्षा बरा.

तुळस

खडूताई, मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. नर्सिंग झालेल्या मुली, बँकेतले लोक, दुकानदार. माझा अनुभव असा की चाव्या मराठीतच आहेत आणि आपण त्या वापरत नाही. निदान ज्या क्रियापदांना टु आणि इंग दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो, तिथे मराठी आधीच तो फरक करून बसलेली आहे. बघा.

रिमेंबर: 'कुलूप लावल्याचं आठवतंय' हे 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' हे 'रिमेंबर टु लॉक द डोअर'. ल्याचं असेल तर इंग, आयचं असेल तर टु. फरगेटलाही हेच. 'गॅस बंद करायला विसरले', आय फरगॉट टु टर्न ऑफ द गॅस. 'तिला पहिल्यांदा भेटल्याचं मी कधी विसरणार नाही', आय विल नेव्हर फरगेट मीटिंग हर.

रिग्रेट: 'सांगितल्याचा पश्चात्ताप होतो' इंग, 'सांगायला खेद वाटतो' टु. नोकरी नाकारणाऱ्या पत्रात 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू' येतं ते यामुळे.

स्टॉप: 'चहा प्यायला थांबलो', आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी. 'चहा प्यायचा थांबवला', आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी. मराठीत थांबणं आणि थांबवणं ही क्रियापदंच वेगळी आहेत.

ट्राय: माझी सगळ्यात आवडती जोडी. 'दार उघडायचा प्रयत्न केला', ट्राइड टु ओपन. 'दार उघडून पाहिलं', ट्राइड ओपनिंग. 'फोन बंद करून चालू करून बघ' हे वाक्य प्रत्येक घरात रोज ऐकू येतं. ते थेट 'ट्राय रीस्टार्टिंग इट' आहे. हे सांगितलं की वर्गातले चेहरे उजळतात. 'करून बघणं म्हणजे ट्राय आणि इंग' एवढं मग कुणी विसरत नाही.

कीप आणि गो ऑन: 'बोलत राहिला', केप्ट टॉकिंग, वेंट ऑन टॉकिंग. 'आधी शेतीवर बोलला आणि मग पुढे पाण्यावर बोलला' असं असेल तर 'वेंट ऑन टु टॉक अबाउट वॉटर'.

नीड: 'शर्ट धुवायला झालाय', द शर्ट नीड्स वॉशिंग. 'भिंत रंगवायला झालीय', द वॉल नीड्स पेंटिंग. शर्ट स्वतः धूत नाही, तरी इंग्रजीत 'नीड्स टु बी वॉश्ड' म्हणायची गरज पडत नाही. मराठीतही पडत नाही.

चकली

तुळस, स्टॉपवरून आठवलं. आमच्या गल्लीतले एक काका सगळ्यांना सांगायचे, 'दारू प्यायची थांबवली.' काकू आतून ओरडायच्या, 'थांबवली नाही, वाटेत प्यायला थांबतात!' व्याकरण काकूंचं चोख होतं.

खडूफळा

तुळस, 'करून बघ' ने मला खुर्चीतून उठवलं. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि कोणत्याही गाइडने सांगितलं नाही. 'धुवायला झालाय' सुद्धा. पण माझी मूळ अडचण 'एन्जॉय' ची आहे. 'मला खेळायला आवडतं' म्हणताना मराठी आयलाच वापरते. म्हणजे मुलाला मराठीच चुकीच्या रस्त्याला लावते, नाही का?

निवृत्त_मास्तर

बरोबर बोट ठेवलंत. आणि 'आईने अभ्यास करायला लावला' यातही आयला आहे. म्हणूनच तुमचं पोरगं 'मेड मी टु स्टडी' लिहितं. मराठीची चावी जिथे लागते तिथे उत्तम, लागत नाही तिथे कुलूप बिघडवते. तुळसबाईंची यादी मी माझ्या नातवाला देणार आहे, पण एन्जॉय, फिनिश, माइंड, अव्हॉइड, सजेस्ट, डिनाय, कीप, एवढ्या जोड्या तोंडी बसवाव्याच लागतील. मेक आणि लेटसुद्धा. 'करायला लावलं' म्हणजे मेक, 'करू दिलं' म्हणजे लेट, दोन्हींपुढे नुसता धातू, टु नाही. आणि मेकचं वाक्य पॅसिव्ह झालं की टु परत येतो, 'आय वॉज मेड टु स्टडी'.

पंचपात्री

मास्तरांच्या आणि तुळसच्या मध्ये एक पूल टाकतो. संस्कृतात हे दोन प्रत्यय अगदी वेगळे आहेत. तुमुन् म्हणजे गन्तुम्, पठितुम्. ल्युट् म्हणजे गमनम्, पठनम्. पाणिनीचं सूत्र आहे 'समानकर्तृकेषु तुमुन्' (३.३.१५८). इच्छा दाखवणारा धातू असेल आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर तुमुन्. इच्छति भोक्तुम्, म्हणजे वॉन्ट्स टु ईट. टु चं मूळ घराणं हेच, इच्छा आणि हेतू.

ल्युट् मात्र क्रियेला वस्तू करून टाकतो. मराठीत ते शब्द आपण रोज वापरतो, वाचन, लेखन, भोजन. म्हणून एन्जॉयची अडचण अशी सोडवता येईल. मुलाला 'वाचायला आवडतं' ऐवजी 'वाचनाचा आनंद घेतो' म्हणायला सांगा. आनंद घ्यायचा तर वस्तू लागते. टाळायचं तर वस्तू लागते, संपवायचं, नाकारायचं, पुढे ढकलायचं तरी वस्तू लागते. तिथे क्रिया नाम होऊनच येते, म्हणजे इंग.

एक फरक ध्यानात असू द्या. समानकर्तृकाची अट इंग्रजी पाळत नाही. 'आय वॉन्ट हिम टु गो' इंग्रजीत चालतं. मराठीत 'त्यानं जावं असं मला वाटतं' म्हणावं लागतं, म्हणून आपले लोक 'आय वॉन्ट दॅट ही शुड गो' म्हणतात.

अर्धविराम

पंचपात्री, शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा. वस्तूच्या नियमाला एवढीच पुरवणी जोडतो की वॉन्टलाही चहा चालतो आणि प्रॉमिसलाही खाऊ चालतो, म्हणून उलटं अनुमान करू नये. पण होप आणि अग्री बघा. त्यांना नाम सहसा थेट चालत नाही, होप फॉर, अग्री टु असं अव्यय मध्ये लागतं. त्यांच्यापुढे इंग थेट येत नाही हे ओघानेच आलं.

मांडवीकाठ

पणजीहून हजेरी. कोंकणीत आमी 'वाचप' म्हणतात, तें नाम. 'म्हाका वाचपाक आवडटा', हांगा त्याच नामाक 'क' लागलो. मराठीतून लिहितो आता. तुमच्या 'वाचायला' मधला ला आणि आमच्या 'वाचपाक' मधला क, दोन्ही चतुर्थीचेच. जुन्या मराठीत 'करावयास' होतं, तो स सुद्धा तोच. अर्धविराम म्हणाले तसा इंग्रजी टु पण 'कडे' वाला. तीन भाषांनी एकच युक्ती केली आहे, हे वाचून मजा वाटली.

राईनकाठ

मी जर्मनीत असतो. इथल्या भाषेत जेरंड नावाचं वेगळं रूपच नाही. क्रियापदाचं मूळ रूप घ्यायचं, पहिलं अक्षर कॅपिटल लिहायचं, नपुंसकलिंगी नाम तयार. त्यामुळे टु की इंग हा प्रश्न माझ्या जर्मन सहकाऱ्यांनाही छळतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हा आपला कमीपणा समजू नये.

ऑफिसात सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच, 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू'. भारतातून येणाऱ्या मेलच्या शेवटी हे असतंच. इथला टु इन्फिनिटिव्हचा नाहीच, तो शब्दयोगी अव्यय आहे. ओळखायची सोपी खूण सांगतो. टु नंतर 'दिवाळी' घालून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टु दिवाळी' चालतं, म्हणजे नाम चालतं, म्हणजे इंग लागणार: 'मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टु दिवाळी' चालत नाही, म्हणजे तिथे धातू. ऑब्जेक्ट टु, कमिटेड टु, अकस्टम्ड टु, सगळ्यांना दिवाळी लावून बघा.

तुळस

राईनकाठ, दिवाळीची कसोटी उद्यापासून माझ्या वर्गात! याच घरातली एक जोडी राहिली होती. 'मी पहाटे उठायचो', आय यूज्ड टु गेट अप अर्ली. 'मला पहाटे उठायची सवय आहे', आय अॅम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली. 'आय अॅम यूज्ड टु दिवाळी' चालतं, 'आय यूज्ड टु दिवाळी' चालत नाही. झालं.

सिलिकॉनवारा

हे सगळं वाचून एक विचारावंसं वाटतं. मी कॅलिफोर्नियात बऱ्याच वर्षांपासून काम करतोय. इथे चिनी, रशियन, तेलुगू, सगळे 'एन्जॉय टु' म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. अर्थ कळतो ना? मुलांच्या डोक्यावर हा बोजा कशाला? त्यांना आधी बोलू द्या.

तुळस

सिलिकॉनवारा, बोलू द्यावं हे शंभर टक्के मान्य. माझ्या वर्गात पहिले काही आठवडे मी कुणाचंही वाक्य तोडत नाही. पण 'अर्थ कळतो' हे एन्जॉयपुरतं खरं आहे. माझ्या नर्सिंगच्या मुलीने हँडओव्हर नोटमध्ये 'पेशंट स्टॉप्ड टु टेक मेडिसिन' लिहिलं तर त्याचा अर्थ उलटा होतो. 'आय रिमेंबर गिव्हिंग द इंजेक्शन' आणि 'आय रिमेंबर टु गिव्ह द इंजेक्शन' यातला फरक तिथे व्याकरणाचा राहत नाही. शिवाय खेड्यातल्या मुलीला मुलाखतीत इंग्रजीवरून जोखतात. कॅलिफोर्नियात बसलेल्याला जी सूट मिळते ती तिला मिळत नाही. म्हणून मला हे नीट शिकवायचं असतं.

सिलिकॉनवारा

इंजेक्शनचं उदाहरण पटलं. प्रश्न मागे घेत नाही, पण क्रम तरी तसा ठेवा एवढंच म्हणणं. आधी बोलणं, मग स्टॉप आणि रिमेंबर, मग बाकीचं.

शिवणटीप

थोडं अवांतर. 'स्विमिंग पूल' मधलं स्विमिंग जेरंड की पार्टिसिपल? मुलीच्या वहीत पार्टिसिपल लिहून आलंय. आणि 'डू यू माइंड माय सिटिंग हिअर' की 'मी (me) सिटिंग हिअर'?

अर्धविराम

पहिलं: पोहण्याचा तलाव, म्हणून जेरंड. 'स्विमिंग डक' असतं तर पोहणारं बदक, म्हणून पार्टिसिपल. 'ण्याचा' की 'णारं' एवढं विचारलं की उत्तर मिळतं. वहीतलं उत्तर चूक आहे. पण मुलीला याचा फार ताण देऊ नका. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने ही दोन खाती बंद करून 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच खातं ठेवलंय.

दुसरं: यावर शंभर वर्षांपूर्वी चांगलीच जुंपली होती. इंग्रजी भाषावापराचा कोशकार फाउलरने 'मी सिटिंग' सारख्या रचनेला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' म्हणून झोडपलं आणि डॅनिश व्याकरणकार येस्पर्सनने तिची बाजू घेतली. आज बोलताना 'मी' सर्रास चालतं, औपचारिक लिहिताना 'माय' बरं. आणि आपल्याकडे तरी काय वेगळं? 'तुझं असं बोलणं बरोबर नाही' आणि 'तू असं बोलणं बरोबर नाही', दोन्ही ऐकू येतात.

शिवणटीप

धन्यवाद. वही घेऊन उद्या शाळेत जाते. भांडायला नाही, विचारायला. (दोन्ही टु.)

खडूफळा

धागा मागे वळवते. या आठवड्यात दहावीच्या वर्गात करून बघितलं. (ट्राय आणि इंग!) यादी न देता फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली. 'कुलूप लावल्याचं आठवतं', 'कुलूप लावायचं लक्षात ठेव', 'दार उघडून पाहिलं', 'शर्ट धुवायला झालाय'. रिमेंबर आणि ट्राय तासाभरात बसले, मागच्या बाकांवरसुद्धा. दिवाळीची कसोटी तर मुलांनी डोक्यावर घेतली, एकाने दिवाळीच्या जागी वडापाव घातला आणि तीही चालली.

एन्जॉय मात्र तिथेच आहे. 'वाचनाचा आनंद' समजला, पण बोलताना जीभ टु कडेच जाते. म्हणून मास्तर, तुमच्या जोड्या सुरू केल्या. मोजक्याच, आणि सुटं क्रियापद वहीत लिहायचं नाही हा तुमचा नियम पाळून. 'यादीतून भाषा येत नाही' या मतावर मी अजून आहे, जोडीतून येते एवढी भर घालते.

एक शंका उरली. अलाउ आणि अॅडव्हाइज कधी टु घेतात, कधी इंग. गाइडमध्ये ते दोन्ही याद्यांत आहेत आणि मुलं गोंधळतात.

निवृत्त_मास्तर

मधे माणूस आहे का बघायचं. 'वुई डोन्ट अलाउ पार्किंग हिअर', माणूस नाही, इंग. 'वुई डोन्ट अलाउ यू टु पार्क हिअर', माणूस आला, टु आला. अॅडव्हाइज, परमिट यांनाही हेच. 'द डॉक्टर अॅडव्हाइज्ड रेस्टिंग', 'द डॉक्टर अॅडव्हाइज्ड मी टु रेस्ट'.

तुळस

आणि इथेच सजेस्टला वेगळं काढा, खडूताई, नाहीतर मुलं तोच नियम त्याला लावतील. सजेस्टला मधे माणूस चालतच नाही. 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं 'सजेस्टेड मी टु गो' बहुतेक अॅडव्हाइजच्या साच्यातून येतंय. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून बघा.

चकली

खडूताई, फळ्याचा फोटो टाका ना इथे. आमच्याकडच्या दोघांनाही लागणार आहे.